ज्यानं लावला त्यानंच उचलायचा

माझ्या धाकट्या भावाला सगळे मिस्त्री म्हणतात. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, सांगतील की या माणसाच्या हाताला गुण होता, पण एका दिवशी त्याच हातून चूक झाली आणि त्याचा तरणाताठा मुलगा गेला. हळहळून सांगतील हो, वाईट बुद्धीनं नाही. मिस्त्रीला विचारलंत तर तोही हेच सांगेल. हे खोटं आहे. चूक माझी होती. सात वर्षं मी ती पोटात ठेवली आणि तो ती डोक्यावर घेऊन हिंडला. पण हे सांगायचं तर आधी रेड्याबद्दल सांगावं लागेल. रेडा काय चीज होती ते कळल्याशिवाय माझा भाऊ काय माणूस होता ते कळायचं नाही.

रेडा म्हणजे गाडी. कंपनीनं तिला काहीतरी ऐटदार नाव दिलं होतं, पुढच्या जाळीवर पितळी अक्षरांत. पण ते म्हणताना चांगल्या चांगल्यांची बोबडी वळायची. समोरून बघितलं की रुंद कपाळ, खाली घातलेली मान, दोन बाजूंना दोन बटबटीत दिवे. कुणीतरी रेडा म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे तर कंपनीची माणसंसुद्धा आमच्याशी बोलताना रेडाच म्हणायची.

तिची जन्मकथा भावानं इतक्यांदा सांगितलीय की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवेन. मोठी लढाई संपली होती. कारखान्यात लष्करासाठी आणलेला पत्रा ढिगानं पडून होता, पण पत्र्याला गोलाई देणारी यंत्रं बॉम्बमध्ये जळून गेलेली. मग तिथल्या एका इंजिनियरनं अशी गाडी काढली की जिच्यात एकही गोल पत्रा नाही. सगळं सरळ कापायचं, सरळ वाकवायचं आणि बोल्टनं आवळायचं. लोक हसले. म्हणाले, ही गाडी आहे की धान्याची पेटी? पण गंमत बघा, नाइलाजानं बनवलेली ही पेटी चेपली तर कुठलाही लोहार हातोडीनं सरळ करून द्यायचा. दार नको, काढून ठेवा. टप नको, काढून ठेवा. नदीत घातली आणि आत पाणी शिरलं तरी घाबरायचं कारण नाही, तळाला बूच होतं. ते उपटायचं, पाणी आलं तसं निघून जायचं. कंपनी जाहिरात करायची की पहिल्या दहा वर्षांत बनवलेल्या निम्म्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. माझा भाऊ म्हणायचा, उरलेल्या निम्म्या माझ्याकडे पाठवा.

आमच्याकडे पहिला रेडा आला तेव्हा मी अकरा वर्षांची होते, तो सात. कंपनीचा एक माणूस टाय लावून आला, शाळेसमोर लोक जमवले, आणि एक अक्षर न बोलता त्यानं गाडी शाळेच्या बावीस पायऱ्या चढवून थेट व्हरांड्यात नेली. हेडमास्तर ओरडत धावले. हा शांतपणे खाली उतरला आणि म्हणाला, "सर, आता उतरवून दाखवू का?" त्या दिवशी माझा भाऊ जेवायला घरी आला नाही. आई शोधायला गेली तर हा गाडीखाली उताणा पडून वर बघतोय, कपाळावर ऑइलचा ठिपका. आईनं कान धरून आणला. पण कसलं काय, मन तिथेच राहिलं ते राहिलंच.

आता तुम्ही म्हणाल, गाडीत असं होतं काय? आराम? आरामाचं नावसुद्धा काढू नका. तासभर बसलं की हाडन् हाड खिळखिळं व्हायचं. उन्हात तापायची, थंडीत गारठायची, आणि शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर बोंब मारावी लागायची. पण जिथे रस्ता संपायचा तिथे बाकीच्या गाड्या थांबायच्या आणि रेडा पुढे जायचा. डॉक्टर घ्यायचे, खाणीतले लोक घ्यायचे, टपालवाले, जमिनीची मोजणी करणारे. अडलेली बाई असो की अडलेली गाय, दारात रेडा उभा राहिला की घरच्यांच्या जिवात जीव यायचा. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नवरा आणि रेडा सारखेच, आवाज फार आणि वेग बेताचा, पण चिखलात सोडून जात नाहीत. मला नवऱ्याचं काही ठाऊक नाही, मी त्या भानगडीत पडलेच नाही. रेड्याचं मात्र खरं होतं.

भावानं गॅरेज काढलं ते गल्लीच्या टोकाला, उताराच्या जागेवर. वरच्या अंगाला माझी खोली, म्हणजे सुट्या भागांचं दुकान. खाली उतरत जाणारं अंगण, आणि अंगणाच्या तळाला दगडी भिंत, भिंतीला लागून भाग धुवायची टाकी. फक्त रेडाच दुरुस्त करायचा, दुसऱ्या गाडीला हात लावायचा नाही. मी फळीमागे बसायचे. चौदाशे भागांचे नंबर मला पाठ होते. गिऱ्हाइकानं नुसता मोडका तुकडा दाखवला की मी नंबर सांगायचे, वर कुठल्या सालची गाडी तेही सांगायचे. भाऊ लोकांना म्हणायचा, "पुस्तक बघू नका, ताईला विचारा, पुस्तकात चुका आहेत." फुशारकी होती, पण मला आवडायची. का खोटं बोलू?

त्याचा मुलगा, माझा भाचा, हातात पाना घेऊनच मोठा झाला. बापासारखा हुशार, पण बापासारखा गंभीर नाही. काम करताना शीळ घालायचा. भाऊ चिडायचा, शिळेमुळे इंजिन ऐकू येत नाही म्हणायचा. मग हा गाडीखालून ओरडायचा, "आत्या, बाबांना शांतता नावाचा पार्ट दे, नंबर किती?" मी पण काहीतरी नंबर ठोकून द्यायचे. त्याची बायको, आमची सून, शाळेत शिकवायची. एक मुलगी, दोन वर्षांची, तिला आम्ही पिटुकली म्हणायचो. भावजय मुलाच्या लहानपणीच गेलेली. बाकी एकाच घरात सगळे. मीही त्यांच्यातच. मला कधी कुणी उपऱ्यासारखं वागवलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आता जे सांगते ते नीट ऐका.

रेड्याची सगळ्यात मोठी ऐट म्हणजे मागचा दांडा. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारे दोन लोखंडी दांडे असतात, एक उजव्या चाकाचा, एक डाव्याचा. दुसऱ्या गाडीत दांडा मोडला की अर्धी गाडी खोलावी लागते. रेड्यात चाक जमिनीवर तसंच राहू द्यायचं, मधले सहा बोल्ट काढायचे आणि दांडा सरळ बाहेर ओढायचा. नवा आत सारायचा. एक पाना, पंधरा मिनिटं. रानात, नदीच्या काठी, कुठेही. या एका गोष्टीवर लोक रेड्यावर जीव टाकायचे. पण तिथेच मेख होती. रेड्याचा हातब्रेक चाकांना धरत नाही. तो गिअरबॉक्सच्या मागे जो मधला लांब शाफ्ट फिरतो त्याला धरतो. एक दांडा जरी काढला तरी शाफ्टचा आणि चाकांचा संबंध सुटतो. मग हातब्रेक कानाला लागेपर्यंत ओढा, तो आपला शाफ्टला मिठी मारून बसणार आणि चाकं मोकळीच. गिअरमध्ये टाकूनही उपयोग नाही. अशा वेळी गाडीला धरून ठेवतो तो फक्त चाकाखालचा लाकडी ठोकळा. हे काही गुपित नव्हतं. कंपनीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर चौकटीत छापलेलं होतं.

आमच्या गॅरेजात त्यावर एकच कायदा होता. ठोकळा ज्यानं लावला त्यानंच उचलायचा. दुसऱ्यानं त्याला पायसुद्धा लावायचा नाही. एकदा एका मोठ्या डॉक्टरांनी बोलता बोलता बुटानं ठोकळा जरासा सरकवला, तर भावानं त्यांना सगळ्यांसमोर अंगणाबाहेर काढलं. "डॉक्टरसाहेब, मी तुमच्या ऑपरेशनमध्ये येऊन चिमटे उचलतो का?" म्हणाला. डॉक्टर लाल झाले, पण पुढच्या आठवड्यात परत आले. रेडा दुसरीकडे नेणार कुठे?

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. जनावरांच्या डॉक्टरांचा रेडा अंगणात उभा होता, तोंड वर, पाठ भिंतीकडे. उजवा दांडा मोडलेला. भावानं तो काढला, माझ्याकडून नवा नेला, बसवायला गेला तर दाते जुळेनात. गाडी जुन्या सालातली होती. तो दांडा घेऊन समोरच्या लेथवाल्याकडे गेला. भाचा खाली टाकीपाशी बसून चाकाची टोपी रॉकेलनं घासत होता, भिंतीला पाठ लावून, शीळ घालत.

तेवढ्यात पार्सलवाला आला. एक भलीमोठी पेटी, आत गिअरबॉक्स, दोन माणसं घामाघूम होऊन ती उचलून आणतायत, आणि माझं दार वाऱ्यानं धाडकन् त्यांच्या तोंडावर. "ओ ताई, दार धरा की!" माझ्या एका हातात वही, दुसऱ्या हातात चष्मा. काहीतरी अडसर लावायला हवा म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. पाच पावलांवर ठोकळा होता. हातब्रेक वर ओढलेला होता, तो मला खिडकीतून दिसला. मी वाकले, ठोकळा ओढला. गाडी हलली नाही. रोज गाड्या उभ्या राहून तिथे जमिनीला खोलगट झालं होतं, चाक त्यात बसलं होतं. मी ठोकळा नेऊन दाराला लावला आणि म्हटलं, दोन मिनिटांत परत ठेवते.

दांडा काढलाय हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. नवा मीच तर दिला होता, नंबर सांगून. चाळीस वर्षं मी तो कायदा ऐकत होते, लोकांना मीच ऐकवत होते. डोक्यात सगळं होतं, हातात मात्र त्या क्षणी ते दार होतं. पेटीचा एक कोपरा फुटला होता म्हणून मी पार्सलवाल्याशी हुज्जत घालत बसले. अस्संच कसं फुटलं, तुम्हीच आपटली असणार, सही करणार नाही. तीनचार मिनिटं गेली असतील. वाऱ्याचा एक मोठा झोत आला. मग दगडावर पत्रा आपटल्याचा आवाज झाला आणि शीळ थांबली.

त्यापुढचं मी सांगणार नाही. मला येतही नाही सांगता.

भाऊ रस्ता ओलांडून धावत आला, हातात तो दांडा तसाच. पार्सलवाले, लेथवाला, सगळे मिळून गाडी पुढे ढकलत होते. भावानं मुलाकडे बघितलं, आणि मग, मला हे अजून दिसतं, त्यानं मागच्या चाकाखाली बघितलं. तिथे काही नव्हतं. तो म्हणाला, "ठोकळा." मग म्हणाला, "ठोकळा मी लावलाच नाही."

मी दारात उभी होते. दार ठोकळ्याला टेकलेलं होतं. एक शब्द बोलायचा होता. मी खाली वाकले, ठोकळा उचलला आणि आतल्या कोपऱ्यात ठोकळ्यांचा ढीग होता त्यात टाकला. तिथे तसलेच सहा पडले होते, सातवा कुणाला ओळखू येणार? दार आपटून बंद झालं. मग मी किंचाळले. लोक म्हणाले, बिचारी आत्या.

घाबरले होते, भान नव्हतं, असं म्हणता येईल. पण ठोकळा लपवायचं भान होतं ना मला?

पोलिसातला साहेब भला माणूस होता, त्याच्या बापाकडेही रेडा होता. तो भावाला म्हणाला, "मिस्त्री, जुनी गाडी आहे. ब्रेक सुटला असं लिहितो, विषय संपला." मी भावाचं कोपर दाबलं, हो म्हण, हो म्हण. भाऊ म्हणाला, "तसं लिहू नका साहेब. ब्रेकला काही झालेलं नाही, आत्ता दाखवतो हवं तर. दांडा बाहेर होता. ठोकळा लावायचा मी विसरलो. गाडीवर आळ नको." सून दारात उभी राहून हे ऐकत होती. रात्री मी त्याच्या अंगावर गेले, "मेल्या, गाडीची अब्रू राखायला निघालास, घराचं काय?" किती निर्लज्ज बघा मी. तो म्हणाला, "ताई, खरं होतं ते सांगितलं."

कोर्टात फार ताणलं नाही, बापानंच मुलगा गमावलाय म्हणून ताकीद देऊन सोडलं. पण सुनेनं सोडलं नाही. महिन्याभरानं तिनं बॅग भरली. जाताना ती त्याच्यासमोर उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. "बाबा, त्यांना तुम्ही वीस वर्षं हेच शिकवलंत ना? आणि तुम्हीच विसरलात?" एवढंच म्हणाली. त्यानं मान हलवली. पिटुकलीनं टाटा केला, तिला वाटलं फिरायला चाललोय. त्यानंतर त्या दोघी आल्या नाहीत. वर्षातून एकदा शाळेतला फोटो यायचा, पाठीमागे एक ओळ, तीही मला लिहिलेली.

बोलले असते तर सून कदाचित थांबली असती, मला हाकलून. मी तेव्हा पासष्टी ओलांडलेली. कुठे जाणार होते? खरं कारण तेही नाही. मला भावाच्या नजरेची भीती वाटली. तो स्वतःकडे ज्या नजरेनं बघायला लागला होता त्या नजरेनं माझ्याकडे बघेल याची. मी म्हणायचे, उद्या सांगू, त्याला जरा सावरू दे. तो सावरला नाही आणि माझा उद्या उजाडला नाही.

त्याचं काय झालं ते ऐका. त्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. बोल्ट आवळायचा, दोन पावलं जायचा, परत येऊन आवळायचा. संध्याकाळी गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की म्हणायचा, उद्या या, एकदा बघून घेतो. उद्याही तेच. एकदा सबंध तयार झालेलं इंजिन त्यानं परत खोललं, आत एक वॉशर घालायचा राहिला असं वाटलं म्हणून. राहिला नव्हता. घरात गॅसचं बटण दहादा बघायचा. चहात साखर घातली का, हे मला विचारायचा, चहा हातात असताना. ज्या माणसानं डोळे मिटून गिअरबॉक्स जोडला तो! आणि मला म्हणायचा, "बरं झालं ताई तू आहेस, तुझं लक्ष असतं." हे वाक्य त्यानं किती वेळा म्हटलं असेल, आणि प्रत्येक वेळी मी गप्प. दोन वर्षांत गॅरेजला कुलूप लागलं.

तोवर रेड्याचेही दिवस भरले होते. कंपनी कुणीतरी परक्या मोठ्या कंपनीनं घेतली, जुना रेडा बनवणं बंद झालं. आणि बंद झाल्याबरोबर त्याला भाव आला, माणसाचं होतं तसंच. शहरातले हौशी लोक यायला लागले. त्यांचे रेडे असे चकाचक की मुंगी घसरून पडेल. टपावर फावडं, कुऱ्हाड, दोरखंड, नाकाशी पुरातून जायची उंच नळी, आणि निघालेले असायचे कुठे, तर कॉफी प्यायला. ते मिस्त्रीला भेटायला यायचे, त्याच्याबरोबर फोटो काढायचे, काका जुन्या गोष्टी सांगा ना, म्हणायचे. तो पाणी द्यायचा आणि आत निघून जायचा. एकानं तर विचारलं, "काका, ॲक्सल खरंच पंधरा मिनिटांत निघतो?" मी त्या माणसाला बाहेर काढलं.

गेल्या महिन्यात कंपनीकडून एक मुलगी आली. रेड्याला पंच्याहत्तर वर्षं होतायत, जुन्या मिस्त्रींचा सत्कार करायचाय, फोटो हवेत. बरोबर नवा रेडा घेऊन आली होती. मुलगी गोड होती, तिला आमचं काही ठाऊक नव्हतं. नवा रेडा म्हणजे काय विचारता! चामड्याच्या खुर्च्या, समोर टीव्हीएवढा पडदा, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. जुन्यातलं काही राहिलं असेल तर कपाळ. भावाला ती म्हणाली, "सर, बसा ना चालवायला." मला वाटलं नाही म्हणेल. तो बसला. हात मांडीवरच ठेवले. मग म्हणाला, "हातब्रेक कुठंय?"

"बटण आहे सर, हे. आणि विसरलात तरी चालतं. तुम्ही उतरलात की गाडी स्वतःच लावते. चारही चाकांना."

"दांडा काढलेला असला तरी?"

तिला कळेना. तिनं कुणालातरी फोन लावला, विचारलं, मग हसून म्हणाली, "सर, ते म्हणतात हिचा दांडा तसा बाहेर काढता येतच नाही. मोठ्या वर्कशॉपमध्येच न्यावी लागते."

तो त्या बटणावरून बोट फिरवत राहिला. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. शेवटी तो म्हणाला, "चांगलं केलं. माणसावर सोडलं नाही." आणि त्या चामड्याच्या खुर्चीत, त्या परक्या मुलीसमोर, माझा एकोणसत्तर वर्षांचा भाऊ हुंदके देऊन रडला. सात वर्षांत पहिल्यांदा.

ती गेल्यावर मी त्याला घरात आणून बसवलं. दुपारचे तीन वाजले असतील. मी दार लावलं, त्याच्या समोर खुर्ची ओढली. मी म्हटलं, "ऐक. मध्ये बोलू नकोस. ठोकळा तू लावला होतास. मी काढला. पार्सल आलं होतं, दार आपटत होतं, दाराला लावायला मी तो काढला, आणि नंतर ढिगात टाकला. तू विसरला नव्हतास. तुझं काही चुकलं नव्हतं. मी केलं ते."

तो माझ्याकडे बघत राहिला. ज्या नजरेला मी सात वर्षं भ्याले ती आता येणार म्हणून मी खुर्चीचे हात धरून बसले. ती आली नाही. त्याचा चेहरा मऊ झाला, लहानपणी व्हायचा तसा. त्यानं माझा हात हातात घेतला.

"ताई, तू अगदी तशीच आहेस," तो म्हणाला. "मी काच फोडायचो आणि तू आईला सांगायचीस, मी फोडली. मार खायचीस माझ्या वाटचा."

"अरे हे तसं नाहीये! मी खरं सांगतेय!"

"मला रडताना बघितलंस म्हणून बोलतेस. कळतं मला."

"तुझ्या मुलाची शपथ घेऊन सांगते!"

"शपथ नको घेऊस." त्यानं हात सोडला नाही. "ताई, मला आठवतं ना. रोज दिसतं मला. मी दांडा ओढतोय, ठोकळा आत कोपऱ्यात ढिगात पडलाय, मला तो दिसतोय, आणि मी म्हणतोय, लेथवरून आल्यावर लावू. म्हणतोय आणि चाललोय. त्या दिवशी नंतर मी मोजले होते ढिगातले. सातच्या सात होते. एकही बाहेर नव्हता."

"मी टाकला सातवा!" मी ओरडले. "मी टाकला रे तिथे, या हातानं टाकला!"

"बरं," तो म्हणाला. पोराला म्हणावं तसं म्हणाला. "बरं, तू टाकलास. आता शांत हो."

मी उठले. मला काय झालं सांगता येत नाही, मी त्याचे खांदे धरून त्याला गदागदा हलवलं, ओरडत राहिले, मी केलं, मी केलं, ऐक ना रे माझं, एकदा तरी ऐक. पार्सलवाल्याला विचार म्हटलं, तर तो वारून तीन वर्षं झाली होती. दुसरा कोण होता त्याचं नावही मला ठाऊक नाही. सुनेला फोन लावते म्हटलं, तर तो म्हणाला, "तिला यात ओढू नकोस. तिला वाटेल मीच तुला बोलायला लावलं."

आवाज ऐकून शेजारचे धावत आले. लेथवाला आला, त्याची बायको आली, वरच्या मजल्यावरची दोघं आली. दार उघडून सगळे उभे राहिले. मी त्यांनाही सांगितलं. सगळं सांगितलं, वारा, दार, पेटी, ढीग, पहिल्यापासून. माझं झाल्यावर सगळ्यांनी भावाकडे बघितलं.

"काही नाही," भाऊ हळूच म्हणाला. "ताईला जरा बरं नाहीये. वय झालं आता. खूप जीव होता तिचा त्याच्यावर."

लेथवाल्याच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मग ती आत गेली, पेल्यात पाणी घेऊन आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "घ्या आत्या, थोडं प्या. असं मनाला लावून घेऊ नये."

मी पाणी प्यायले.